गोळी स्वस्त, निदान महाग

औषध असूनही ते हाती न लागणे हा आपल्या देशातील गरीब रुग्णाचा नित्याचा अनुभव आहे. कधी ते परवडत नाही, कधी सरकारी दवाखान्यातील साठा संपलेला असतो, कधी तालुक्याच्या गावी जाण्यापुरते भाडेही गाठीशी नसते. या अन्यायांविरुद्ध आपण आवाज उठवीत आलो आहोत व पुढेही तो उठवावा लागेल. परंतु औषध जुने आहे, स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आहे, आणि तरीही ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोचत नाही, कारण हे आपले औषध आहे याचा त्याला पत्ताच नाही, असा प्रकार निराळाच म्हटला पाहिजे. आनुवंशिक मधुमेहाच्या काही प्रकारांत आज नेमके हेच घडत आहे. वरवर पाहता हा वैद्यकशास्त्राच्या एका कोपऱ्यातला प्रश्न वाटेल. प्रत्यक्षात विज्ञानाची फळे कोणाच्या पदरात पडतात आणि ती वाटण्याचे काम कोणावर सोपविले जाते, या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे दहा कोटी माणसे मधुमेही असल्याचे त्यांतून दिसून आले. हा आकडा ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे उतारवयातला, स्थूल शरीराचा, बैठे काम करणारा माणूस उभा राहतो. किंवा दुसऱ्या टोकाला, रोज सुई टोचून घ्यावी लागणारे शाळकरी मूल. पहिल्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, दुसऱ्याला पहिल्या प्रकारचा. या दोन्ही चौकटींत न बसणारा एक तिसरा गट आहे. त्यातील रुग्णांचा आजार एकाच जनुकातील एकाच दोषामुळे उद्भवलेला असतो. पाश्चात्त्य देशांतील अनुमानांनुसार शंभर मधुमेहींमागे एक ते पाच रुग्ण या गटातले असतात. आपल्याकडे हजारात पाच एवढेच प्रमाण धरले तरी ही संख्या पाच लाखांवर जाते. त्यांतल्या बहुतेकांना आपण या गटात मोडतो हे ठाऊक नसते. सार्वजनिक आरोग्यसेवा सुसंघटित असलेल्या ब्रिटनमध्येही असे ऐंशी टक्क्यांहून अधिक रुग्ण अचूक निदानाविना राहिले असावेत, असा अंदाज २०१० साली तेथील संशोधकांनी मांडला होता. मग आपल्याकडची स्थिती काय असेल, ते सांगावयास नको.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नेहमीचा मधुमेहही घराण्यात चालत येतो असे आपण म्हणतो व ते खरे आहे; परंतु तेथे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि आहार, श्रम व राहणीमान यांचाही असतो. येथे मात्र एकच जनुक कारणीभूत असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो दोष असला, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणूनच आजी, वडील, मुलगी अशा लागोपाठच्या पिढ्यांत, पंचविशीच्या आतबाहेर, अंगाने सडपातळ असलेल्या माणसांना मधुमेह झालेला दिसतो. या विकाराला १९७० च्या दशकात टॅटरसॉल व फायन्स या डॉक्टरांनी जे इंग्रजी नाव दिले, त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘मोडी’ म्हणतात. आपल्या मोडी लिपीशी त्याचा काही संबंध नाही, पण ती लिपी वाचणारे जसे विरळ झाले आहेत, तसेच हा आजार ओळखणारेही विरळच आहेत.

या गटातील सर्वांत बोलके उदाहरण नवजात अर्भकांच्या मधुमेहाचे आहे. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत ज्या बाळाला मधुमेह होतो, त्याचा आजार बहुधा पहिल्या प्रकारचा नसतोच. तो जनुकदोषाचा असतो. साधारणतः एक लाख जन्मांमागे असे एखादे बालक आढळते. त्यांपैकी काहींचा आजार काही महिन्यांत मावळतो, काहींचा कायम राहतो. आणि कायम राहणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे चाळीस बालकांत दोष एका विशिष्ट ठिकाणी असतो. स्वादुपिंडातील ज्या पेशी इन्शुलिन तयार करतात, त्यांच्या भिंतीत पोटॅशियमच्या ये-जा करण्याची एक सूक्ष्म झडप असते. रक्तातील साखर वाढली की पेशीत ऊर्जा निर्माण होते, त्या ऊर्जेने ही झडप मिटते, मग कॅल्शियम आत शिरते आणि साठविलेले इन्शुलिन बाहेर पडते. या बालकांत ती झडप मिटतच नाही. इन्शुलिन पेशीत तयार असते, पण बाहेर पडण्याची आज्ञाच त्याला मिळत नाही. कोठारात धान्य भरलेले असावे आणि किल्लीअभावी घर उपाशी राहावे, अशी ही अवस्था होय.

आता या कुलपाची किल्ली पाहा. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, फ्रान्समधील माँपेलिए येथे झानबों हे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांवर सल्फा जातीच्या एका नव्या औषधाचा प्रयोग करीत होते. काही रोग्यांच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली गेली. त्यांचे सहकारी लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास भाग पाडते. त्यातून सल्फोनिलयुरिया जातीच्या गोळ्या निघाल्या. त्यांतली ग्लायबेनक्लामाईड ही गोळी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली; आपल्याकडील जुन्या पिढीला ती ‘डाओनिल’ या नावाने परिचित आहे. ही गोळी ज्या झडपेवर काम करते, ती वर सांगितलेलीच झडप होय. पेशीतील ऊर्जेला जे साधत नाही, ते ही गोळी साधते व झडप मिटविते. गंमत अशी की, किल्ली हाती आल्यानंतर कुलपाचा शोध लागण्यास साठ वर्षे लागली.

तो शोध २००४ साली लागला. इंग्लंडमधील एक्सेटर येथील हॅटर्सली, ग्लॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बालकांतील जनुकदोष दाखवून दिला. दोनच वर्षांनी, २००६ साली, त्याच चमूने ४९ रुग्णांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे सर्वजण इन्शुलिनवर जगत होते. त्यांत तीन महिन्यांच्या बालकापासून छत्तीस वर्षांच्या प्रौढापर्यंत सगळे होते. गोळी सुरू केल्यावर त्यांपैकी ४४ जणांचे इन्शुलिन बंद झाले, आणि साखरेवरील ताबा सुईच्या काळात होता त्याहूनही चांगला राहिला. हा तात्पुरता चमत्कार तर नव्हे, अशी शंका रास्त होती. तिचे उत्तर २०१८ साली मिळाले. सुमारे दहा वर्षे पाठपुरावा केलेल्या ८१ रुग्णांपैकी ७५ जण तोपर्यंत केवळ गोळीवरच होते, त्यांना इन्शुलिन लागले नव्हते. काही बालकांत हा दोष मेंदूच्या वाढीवरही परिणाम करतो. त्यांची हालचाल व समजही गोळीने काही अंशी सुधारते आणि उपचार जितका लवकर तितका लाभ अधिक. म्हणजे येथे निदानाला होणारा विलंब केवळ सुयांच्या संख्येत मोजता येत नाही. मुलाच्या चालण्याबोलण्यातून तो वसूल केला जातो.

‘मोडी’ची कथाही याच जातीची आहे. तिच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपैकी एकात एच.एन.एफ.१ ए या जनुकात दोष असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा रुग्णांना आळीपाळीने ग्लिक्लाझाईड व मेटफॉर्मिन या दोन गोळ्या देण्यात आल्या. ग्लिक्लाझाईड ही सल्फोनिलयुरिया जातीची गोळी त्यांच्यात पाचपटींहून अधिक परिणामकारक ठरली. सामान्य मधुमेहींत मात्र दोन्हींचा गुण सारखाच होता. अशा रुग्णांना ही गोळी अगदी कमी मात्रेने सुरू करावी लागते, नाहीतर साखर एकदम खाली जाते. पुढे वय वाढेल तसे स्वादुपिंड थकते व काहींना इन्शुलिनही लागते. परंतु तोपर्यंतची कित्येक वर्षे सुईविना जातात. पंचविशीतला सडपातळ तरुण पाहून पहिल्या प्रकारचा मधुमेह असे निदान होते आणि त्याला आयुष्यभर सुई लागते. त्यांतल्या काहींना खरे म्हणजे अर्धी गोळी पुरली असती.

याहून विलक्षण प्रकार ग्लुकोकायनेज या जनुकातील दोषाचा आहे. ही पेशीतील साखर मोजणारी तागडी होय. तिचा काटा थोडा वर बसलेला असतो एवढेच. साखर जन्मापासून किंचित चढी राहते, पण तिथेच स्थिर राहते. सुमारे अर्धे शतक अशी साखर अंगी बाळगलेल्या रुग्णांची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यात डोळे व मूत्रपिंडे यांचे गंभीर विकार अत्यल्प आढळले. गरोदरपणाचा अपवाद सोडला तर या माणसांना कोणत्याही औषधाची गरज नसते. तरीही त्यांना गोळ्या दिल्या जातात, इन्शुलिन दिले जाते, विम्याचा हप्ता वाढतो, मुलीचे लग्न अडते. ज्याला आजार म्हणण्याचेही कारण नाही, त्याचा दंड हे लोक जन्मभर भरीत राहतात.

सर्वच आनुवंशिक प्रकारांना इतकी सोपी वाट आहे असे मात्र नाही. मूत्रपिंडात गाठी निर्माण करणाऱ्या एच.एन.एफ.१ बी दोषात बहुधा इन्शुलिनच लागते. दृष्टी व श्रवण दोन्ही हिरावून घेणाऱ्या वुल्फ्रॅम विकारावर मूळ दोष दूर करणारा उपाय अद्याप हाती आलेला नाही. आईकडूनच येणाऱ्या व बहिरेपणासह असणाऱ्या एका प्रकारात मेटफॉर्मिन ही एरवी निर्धोक गोळी टाळणे श्रेयस्कर समजतात. उलट रक्तक्षय, बहिरेपणा व मधुमेह एकत्र आढळणाऱ्या एका दुर्मिळ विकारात ब-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, साधी गोळी रक्तक्षय दूर करते व मधुमेहालाही पुष्कळदा आवर घालते. याचा अर्थ एवढाच की, दोष कोठे आहे हे कळल्याशिवाय औषध ठरविता येत नाही. या गटात निदान हाच अर्धा उपचार होय.

येथे सावधगिरीचा एक शब्द आग्रहाने सांगितला पाहिजे. इन्शुलिन हा शत्रू नव्हे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते प्राणवायूसारखे आहे. ते थांबविले तर मूल काही दिवसांतच मृत्यूच्या दारी जाते. पाल्याची सुई बंद करून गोळी किंवा काढा सुरू करा, असा उपदेश करणाऱ्या भोंदूंनी यापूर्वीही बळी घेतले आहेत. हा लेख वाचून कोणी आपल्या मनाने इन्शुलिन सोडू नये व दुसऱ्याला सोडावयास सांगू नये. जनुकाची तपासणी झाल्यावर, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हा बदल करावयाचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शास्त्र सिद्ध झाले, औषध काही रुपयांत मिळते, मग घोडे अडले कोठे? ते अडले आहे तपासणीपाशी. खाजगी प्रयोगशाळेत जनुकांची तपासणी करावयाची म्हणजे हजारो रुपये मोजावे लागतात. शेतमजुराच्या कुटुंबाची महिन्याची सारी मिळकत त्यात जाते, कधी त्याहूनही अधिक. ज्या कुटुंबाला शीतकपाट नाही, जे इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवते, ऊसतोडीला जाताना ती बाटली उन्हातून सांभाळून नेते, त्याच कुटुंबाला या तपासणीचा सर्वाधिक लाभ होणार आणि त्यालाच ती अप्राप्य आहे. ज्यांच्यापाशी पैसा आहे, त्यांची मुले शहरातील तज्ज्ञाकडे जातात व सुईतून सुटतात. एकाच जनुकदोषाची दोन मुले, आणि त्यांचे दोन निरनिराळे प्राक्तन.

आणि हे असे का राहते? बाजाराच्या नियमांत या मुलांना जागाच नाही म्हणून. नवे औषध निघाले की त्याच्या प्रसारासाठी कंपन्यांचे प्रतिनिधी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात, परिषदा भरतात, छापील कागदांचे ढीग डॉक्टरांच्या टेबलावर पडतात. परंतु अर्ध्या शतकापूर्वीच्या, एकस्व संपलेल्या, कवडीमोल गोळीसाठी कोण पायऱ्या झिजवणार? रोजच्या इन्शुलिनवरून रुग्णाला स्वस्त गोळीवर आणणे, यात विक्रेत्याचा तोटाच आहे. आणि ज्याला औषधच लागत नाही असे सिद्ध होते, त्याच्यापासून तर कवडीही मिळावयाची नाही. यात कोणाचा कट आहे असे मानण्याचे कारण नाही. नफ्यावर चालणारी व्यवस्था आपल्या स्वभावधर्माप्रमाणे वागत आहे इतकेच. उलट २०१८ साली युरोपात याच ग्लायबेनक्लामाईडचे अर्भकांसाठी पातळ औषध दुर्मिळ रोगावरील औषध म्हणून नव्याने मान्य झाले. अर्भकाला मात्रा बिनचूक देता यावी यासाठी असे औषध हवे, हे निर्विवाद. परंतु जुनी वस्तू नव्या बाटलीत आली की मगच तिच्यात व्यापाराला रस वाटू लागतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

इन्शुलिनचा इतिहास या बाबतीत शिकवण देणारा आहे. टोरोंटो येथे १९२१-२२ साली ते सिद्ध झाले, आणि बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ साली त्याचे एकस्व विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले. मानवजातीला दिलेल्या या देणगीचे पुढे काय झाले? आज जगातील इन्शुलिनच्या बाजारपेठेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तीन कंपन्यांच्या हाती आहे. शोध लावणाऱ्याचे औदार्य पुरे पडत नाही. वाटपाची व्यवस्था समाजाच्या हाती असावी लागते. जनुकांच्या बाबतीतही हीच लढाई झाली. कर्करोगाशी संबंधित जनुकांवर मालकी सांगणाऱ्या एका कंपनीचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फेटाळला. निसर्गनिर्मित जनुकावर कोणाचे एकस्व असू शकत नाही, असा निर्वाळा दिला. मालकीचा अडसर त्यामुळे दूर झाला. दारिद्र्याचा अडसर न्यायालयाच्या निकालाने दूर होत नाही.

आपल्या देशात या विषयाचे ज्ञान नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. चेन्नई येथील डॉ. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांतील ‘मोडी’वर १९८५ सालीच निबंध प्रसिद्ध केला होता. पुढे तेथील मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानात नवजात बालकांच्या व ‘मोडी’च्या जनुकांचा अभ्यास वर्षानुवर्षे होत आला आणि अनेक भारतीय बालके सुईतून मुक्त झाली. एक्सेटरच्या प्रयोगशाळेने तर देणगीच्या बळावर दीर्घकाळ जगभरच्या अर्भकांची तपासणी विनामूल्य करून दिली. या कामाविषयी कृतज्ञता व्यक्त केलीच पाहिजे. परंतु आपल्या मुलांचे निदान परक्या देशातील दानावर किंवा एखाद्या ध्येयवादी डॉक्टरच्या ओळखीवर अवलंबून ठेवणे, हे स्वतंत्र राष्ट्राला शोभणारे नाही. दान कोणाला तरी मिळते. हक्क सर्वांना मिळतो.

यावर एक आक्षेप येईल, व तो आपल्यातूनच येईल. जेथे क्षयाच्या रोग्याला औषध वेळेवर मिळत नाही, पहिल्या प्रकारच्या मधुमेही मुलाला इन्शुलिनच नियमित मिळत नाही, तेथे जनुकांच्या तपासणीची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. प्रत्येक गरजू मुलाला विनामूल्य इन्शुलिन, सुया व रक्त तपासण्याच्या पट्ट्या मिळाव्यात ही मागणी अग्रक्रमाचीच आहे आणि तिच्याशी कसलीही तडजोड होऊ नये. परंतु या दोन मागण्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. जनुकाची तपासणी आयुष्यात एकदाच करावयाची असते. घरातील एकाचा दोष सापडला की नातलगांची तपासणी त्या एकाच जागी नेमकी करता येते व तिला खर्च फार थोडा येतो. उलट चुकीच्या निदानाचा खर्च रोजचा व जन्माचा असतो. नवजात अर्भकांच्या मधुमेहात जनुकतपासणी केल्याने एकूण खर्च वाढत नाही, घटतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०११ साली हिशेबानिशी दाखविले आहे. ज्या मुलाला गोळी पुरते त्याचे वाचलेले इन्शुलिन, ज्याला ते प्राणाइतके हवे त्याच्यासाठी राहील.

शिवाय प्रत्येक मधुमेहीची जनुकतपासणी करा, असे कोणी म्हणत नाही. आधी विचारावयाचे ते साधे प्रश्न आहेत. आजार कोणत्या वयात सुरू झाला? सहा महिन्यांच्या आत काय? घरात लागोपाठ किती पिढ्यांना आहे? अंगकाठी कशी आहे? मग रक्तातील प्रतिपिंडे व सी-पेप्टाईड या तुलनेने स्वस्त तपासण्या करावयाच्या. त्यांतून पहिल्या प्रकारचा मधुमेह बहुतांशी वेगळा काढता येतो. या चाळणीतून जे थोडे उरतील, त्यांचीच जनुके पाहावयाची. पहिल्या चाळणीला यंत्र लागत नाही. लागतो तो रुग्णाशी पाच मिनिटे बोलण्याइतका वेळ आणि शिकविलेला माणूस.

साधने आपल्यापाशी नाहीत काय? आहेत. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९७० साली एकस्व कायदा झाला, १९७५ साली हाथी समितीने औषधधंद्याचे अंतरंग उघडे केले. आज जी गोळी काही रुपयांत मिळते, तिच्यामागे त्या काळातील धोरणाची पुण्याई आहे. आनुवंशिक विकारांच्या निदानासाठी सरकारी रुग्णालयांत केंद्रे काढण्याचा ‘उम्मीद’ उपक्रम केंद्र सरकारने २०१९ साली जाहीर केला. दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली करण्यात आली. दहा हजारांचे सारे जनुक वाचणाऱ्या राष्ट्राला एका अर्भकाचे दोन-तीन जनुक वाचणे जड का जावे? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने आरोग्य योजना चालते. पण तिची सारी रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती, शस्त्रक्रियांभोवती आहे. पडद्याआड राहणाऱ्या तपासणीला तीत मोल नाही. बिगर-संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणीचे वय तीस वर्षांपासून सुरू होते. ‘मोडी’चा रुग्ण तोपर्यंत कित्येक वर्षे भलत्याच औषधावर काढून बसलेला असतो.

म्हणून आपल्या मागण्या मोजक्या व स्पष्ट असाव्यात. पहिली, सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बालकाची जनुकतपासणी शासनाने विनाविलंब व विनामूल्य करावी. संख्या इतकी थोडी आहे की पैशांची सबब सांगताच येऊ नये. दुसरी, प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिपिंडे व सी-पेप्टाईड यांची तपासणी मोफत व्हावी आणि संशयित रुग्णांचे नमुने सार्वजनिक प्रयोगशाळेत पाठविण्याची सोय असावी. तिसरी, ग्लायबेनक्लामाईड व ग्लिक्लाझाईड या जुन्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत अखंड उपलब्ध राहाव्यात, आणि अर्भकांसाठीचे पातळ औषध सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने तयार करावे. चौथी, अंगणवाड्या व शाळांतून फिरणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांना हा आजार ओळखण्याचे शिक्षण द्यावे. आणि पाचवी, जनुकाची माहिती ही त्या माणसाची खाजगी बाब समजून विमा कंपनी व मालक यांच्यापासून तिला कायद्याचे संरक्षण मिळावे.

कार्यकर्त्यांनी शासनाकडे बोट दाखवून स्वस्थ बसावे असा याचा अर्थ नाही. वस्तीत, वाडीत, कारखान्याच्या चाळीत आपला कार्यकर्ता घराघरांत जात असतो. एकाच घरात तीन पिढ्यांचा तरुणपणीचा मधुमेह दिसला, तान्ह्या बाळाला इन्शुलिन सुरू झाल्याचे कानावर आले, तर त्या कुटुंबाला जिल्हा रुग्णालयाची किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट दाखविणे, तेथे त्याच्याबरोबर जाणे, कागद हरवू न देणे, हे त्याचे काम आहे. तेवढेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे कलंक पुसणे. ‘घराण्यातला रोग’ म्हटले की आपल्या समाजात बोट जाते ते सुनेकडे. शास्त्र सांगते की हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, आणि अर्भकांच्या मधुमेहात तर तो पुष्कळदा दोघांपैकी कोणाकडूनही आलेला नसून बाळातच नव्याने उद्भवलेला असतो. हे घराघरांत सांगितले पाहिजे. नाहीतर मुलाला गोळी मिळेल आणि त्याच्या आईला माहेरची वाट धरावी लागेल.

माणसाने निसर्गाचे एक कुलूप उघडले, ही सर्वांची मिळकत आहे. त्यामागे माँपेलिएच्या रुग्णालयातील अनाम विषमज्वरग्रस्तांचे प्राण आहेत, विद्यापीठांतून झालेला सार्वजनिक पैशांचा खर्च आहे, आणि रक्ताचे नमुने देणाऱ्या हजारो सामान्य कुटुंबांचा विश्वास आहे. अशा मिळकतीत ज्यांचा वाटा नाकारला जातो ती मुले संख्येने थोडी आहेत, मोर्चा काढण्याइतकी नाहीत, मतपेटीत दिसण्याइतकीही नाहीत. तान्ह्या मुलाला घोषणा देता येत नाही. ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांच्यासाठी बोलण्याकरिताच आपली चळवळ जन्माला आली. ही पाच कलमे येत्या अधिवेशनात आमदारांनी विचारावीत आणि जिल्हा शाखांनी शल्यचिकित्सकांच्या कचेरीत निवेदनाच्या रूपाने नेऊन द्यावीत. काम लहान आहे, होण्यासारखे आहे, आणि ते झाले तर काही घरांतील रोजची सुई कायमची खाली ठेवली जाईल.